चरित्र अभिनेत्री : कोणाचं चरित्र?

प्रश्न असा आला आहे : 'एका ज्येष्ठ अभिनेत्रीच्या निधनाच्या बातमीत त्यांना चरित्र अभिनेत्री म्हटलं होतं. माझ्या सातवीतल्या मुलीने विचारलं, "त्यांनी कोणाचं चरित्र केलं होतं?" मला सांगता आलं नाही. चरित्र अभिनेता आणि सहाय्यक अभिनेता यांत फरक काय?'

मुलीचा प्रश्न अगदी रास्त आहे, कारण ती मराठीतून विचार करते आहे. मराठीत चरित्र म्हणजे एखाद्याच्या आयुष्याची हकिगत. तेराव्या शतकातल्या 'लीळाचरित्रा'पासून 'गुरुचरित्रा'पर्यंत आणि आजच्या चरित्रपटापर्यंत हा अर्थ सलग चालत आला आहे. त्यामुळे चरित्र अभिनेत्री म्हणजे झाशीच्या राणीचं किंवा आनंदीबाई जोशींचं काम करणारी, असं कोणालाही वाटेल.

हा जोडशब्द हिंदीतून आला. इंग्रजी कॅरेक्टर या एका शब्दात गोष्टीतला माणूस, त्याचा स्वभाव आणि त्याची नीतिमत्ता असं सगळंच येतं. हिंदीने या सगळ्यासाठी चरित्र शब्द वापरला आणि जीवनकथेला जीवनी म्हटलं. मराठीने मात्र वाटण्या केल्या : गोष्टीतलं ते पात्र, वागणुकीतलं ते चारित्र्य, जीवनकथा ते चरित्र. हिंदीतल्या चरित्र-चित्रणाला आपण व्यक्तिचित्रण म्हणतो. कॅरेक्टर आर्टिस्टचं हिंदी रूप तेवढं जसंच्या तसं उचललं गेलं आणि इथेच घोटाळा झाला.

आता फरकाकडे येऊ. सहाय्यक हे त्या एका चित्रपटातल्या भूमिकेचं माप आहे : कथा नायक-नायिकेची आणि हे पात्र त्यांच्या सोबतीचं. चरित्र अभिनेता हे नटाच्या एकूण वाटचालीचं वर्णन आहे. नायक न होता बाप, काका, मास्तर, सावकार, हवालदार अशी ठसठशीत माणसं उभी करणारा तो. म्हणून एरवी नायिका असणारी नटी एखाद्या चित्रपटात सहाय्यक भूमिका करू शकते, पण तेवढ्याने ती चरित्र अभिनेत्री होत नाही.

ललिता पवारांचं उदाहरण घ्या. मूकपटांच्या काळात त्या नायिका होत्या. 1942 मध्ये चित्रीकरणात बसलेल्या एका थपडेमुळे त्यांच्या चेहऱ्याला लकवा मारला आणि डावा डोळा कायमचा अधू झाला. लांबलचक उपचारांनंतर त्या परतल्या त्या नायिका म्हणून नाही, तर सासू, आई, घरमालकीण म्हणून. 'अनाडी'तल्या मिसेस डिसासाठी त्यांना फिल्मफेअरचा सहाय्यक अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला आणि 1987 मध्ये 'रामायण' मालिकेतल्या मंथरेने त्यांना घराघरात नेलं. मिसेस डिसा ही सहाय्यक भूमिका, पण अशा भूमिका आयुष्यभर करत राहणाऱ्या ललिताबाई चरित्र अभिनेत्री. दोन्ही शब्द एकाच बाईला लागू आहेत, पण वेगवेगळ्या कारणांनी.

सहाय्यक शब्दावरही माझा आक्षेप आहे. सहाय्यक दिग्दर्शक हा खरोखर दिग्दर्शकाच्या हाताखाली काम करतो. सहाय्यक अभिनेता कोणाच्याच हाताखाली नसतो, तो स्वतःचं पात्र स्वतः उभं करतो. त्याला सहअभिनेता म्हणणं मला जास्त न्यायाचं वाटतं. ऑस्करमध्ये 1936च्या चित्रपटांपासून हा विभाग सुरू झाला, तेव्हा सुरुवातीची काही वर्षं विजेत्यांना मुख्य नटांसारखी बाहुली न देता नुसती पाटी देत. म्हणजे हा दुय्यमपणा फक्त शब्दापुरता नव्हता.

जुन्या नाटक मंडळ्यांनी हा प्रश्न सुरेख सोडवला होता. कोण काय करतो ते नावातच असायचं : राजापार्टी, स्त्रीपार्टी, राक्षसपार्टी. पार्ट शब्द इंग्रजीच, पण त्याला मराठी ई-कार लावून तो असा घरचा केला की परका वाटतच नाही. नटाला पाठ करायला त्याच्यापुरती उतरवून दिलेली भाषणं म्हणजे 'नक्कल'. नव्या नाटकाच्या नकला वाटल्या की तालमी सुरू. रोल या शब्दाचा उगमही असाच आहे : ज्या कागदाच्या गुंडाळीवर नटाची वाक्यं लिहिलेली असत ती गुंडाळी म्हणजे फ्रेंच रोल. दोन दूरच्या रंगभूमींनी नटाच्या हातातल्या कागदालाच नाव दिलं, याचा मला फार आनंद होतो.

भूमिका शब्द वापरताना क्रियापदाकडे लक्ष ठेवा. भूमिका करतात, साकारतात, वठवतात ती नाटक-सिनेमातली. भूमिका घेतात, मांडतात ती मताची. त्यामुळे हल्ली मालिकांच्या बातम्यांत दिसणारी 'नकारात्मक भूमिका' मला खटकते. 'मंत्र्यांची नकारात्मक भूमिका' या मथळ्यात मंत्र्यांनी नकार दिलेला असतो, कोणाच्या दुधात विष कालवलेलं नसतं. खलनायिका हा चांगला रुळलेला शब्द हाताशी आहे, आणि पात्र पूर्ण काळं नसेल तर कारस्थानी जाऊ, खाष्ट सासू असं सरळ म्हणता येतं.

'पाहुणा कलाकार' मात्र लाखात एक. थोडा वेळ आला, मान घेतला, निघाला. या शब्दाला काही समजावून सांगावं लागत नाही. त्याच्या उलट 'ज्युनिअर आर्टिस्ट'. एक्स्ट्रा हा शब्द अपमानकारक वाटतो म्हणून तो आला, ते योग्यच झालं. पण ज्युनिअरचा वयाशी संबंध नाही; लग्नाच्या दृश्यात मागे बसलेले सत्तरीचे आजोबाही ज्युनिअर आर्टिस्टच.

चरित्र अभिनेता हा शब्द चित्रपट व्यवसायात इतका मुरला आहे की तो हटणार नाही, आणि बोलताना कोणी वापरला तर मी अडवणार नाही. पण बातमी लिहिणाऱ्याने एक ओळ जास्त खर्चावी : 'आई, आत्या, सासू अशा भूमिका त्यांनी वठवल्या.' मुलीला सांगायचं तर याहून साधा शब्द घरातच आहे. नाटकाला बसल्यावर आपण शेजारच्याला विचारतो, "आईचं काम कोण करतंय?" त्या बाई आईची कामं करायच्या, एवढं सांगितलं की तिला कळेल.