जुन्या जीपची चासी: आधी ठोकून बघ

रंग चांगला दिसतो म्हणून फसू नकोस रे. आपल्याकडे मालवण-देवगड पट्ट्यात खारा वारा चासीच्या, म्हणजे गाडीच्या खालच्या लोखंडी सांगाड्याच्या, पोकळ पट्टीत शिरतो आणि गंज आतून खात येतो. छोटी हातोडी घे, मागच्या स्प्रिंग-पाट्यांचे हँगर (पाटे चासीला धरणारे ब्रॅकेट) जिथे बसतात तिथून सुरुवात कर. टणक आवाज आला तर ठीक. भद्द आवाज आला, की तिथे पेचकस खुपसून बघ. आरपार गेला तर नुसता पॅच पुरणार नाही.

कुजलेला भाग चांगलं लोखंड लागेपर्यंत काप. गंजावर वेल्डिंग धरत नाही. मूळ पट्टीच्याच जाडीचा पत्रा लाव, पण चासीला आडवी सरळ वेल्ड मारू नकोस, तिथेच तडा जातो. पत्र्याची टोकं तिरकी काप. बॅटरीच्या वायरी काढ, डिझेलची टाकी आधी उतरव. (माझ्या ओळखीतल्या एकाने उतरवली नव्हती. नशीब, भडका लगेच विझला.) चासी नंबरच्या जागेला मात्र हात लावू नकोस, आरटीओत निस्तरताना जीव जाईल.

प्रायमर पावसाळ्यात नको. पट्टीच्या आतून कॅव्हिटी वॅक्स (पोकळीत मारायचं गंजरोधक मेण) मार, पाणी निघायची भोकं मोकळी ठेव.