ऑपरेशनच्या सकाळी गमी? नको रे बाबा

तुझा प्रश्न मला कळला तो असा: पुढच्या महिन्यात खांद्याचं ऑपरेशन, दोन वर्षं रोज रात्री १० मिलीग्रॅम टीएचसीची (गांजातला नशा आणणारा घटक) गमी, म्हणजे चघळायची गोळी, चालू, बायको म्हणते डॉक्टरला सांगू नकोस उगाच रेकॉर्डवर येईल, आणि भीती वाटते म्हणून त्या सकाळी एक जास्तीची घ्यावी का.

सकाळची गमी अजिबात नको. एक तर उपाशीपोटी यायला सांगितलेलं असतं. त्यात गमी चढायला तास-दोन तास लागतात, म्हणजे वेटिंगमध्ये बसून घाम फुटेल तेव्हा तिचा काही उपयोग नाही आणि आत टेबलावर घेतलं की ती जोरात, नाडी आधीच धडधडतेय त्यात आणखी भर. भीती जाईलच याचीही गॅरंटी नाही हं. शिकागोला २०१७ मध्ये अधूनमधून घेणाऱ्या लोकांवर एक प्रयोग झाला होता, ७.५ मिलीग्रॅम टीएचसीने टेन्शन कमी झालं पण १२.५ ने उलट वाढलं, एवढाच फरक! होळीला भांग प्यायलेले बघितलेत ना, एक हसत सुटतो आणि दुसरा मी मेलो मेलो करत कोपऱ्यात बसतो. भीतीचं भूलवाल्या डॉक्टरांनाच सरळ सांग, त्यांच्याकडे त्यासाठी औषधं असतात आणि ती किती द्यायची हे त्यांना कळतं.

आता बायकोचा मुद्दा. कॅनडात हे २०१८ पासून कायदेशीर आहे, कोणी पोलिसात देत नाही. लपवलंस तर मात्र भूल देणारा अंदाजाने चालतो. कोलोरॅडोत २०१९ मध्ये एंडोस्कोपीच्या २५० पेशंटचे रेकॉर्ड तपासले तर नियमित घेणाऱ्यांना गुंगीचं प्रोपोफॉल इतरांच्या तिपटीहून जास्त लागलं होतं. अमेरिकेतल्या भूलतज्ज्ञांच्या संस्थेने तर २०२३ पासून सांगितलंय की प्रत्येक पेशंटला हे विचाराच, नशेत आला तर ऑपरेशन पुढे ढकला, आणि गांजा ओढला असेल तर निदान दोन तास थांबा, कारण त्या वेळात हार्ट अटॅकचा धोका वाढतो.

माझा गुडघा बदलला तेव्हा मी झोपेसाठी रोज गांजाचं तेल घेत होते, चार वर्षं. भूलवाल्या बाईंनी चारच गोष्टी विचारल्या, किती, किती दिवसांपासून, ओढता की खाता, शेवटचं कधी. तोंडावर एक सुरकुती नाही, बीपीची गोळी विचारावी तसं. माझा मूर्खपणा वेगळाच होता, मी कोणाला न विचारता पाच दिवस आधी एकदम बंद केलं आणि झोप उडाली, जेवण जाईना, नवऱ्यावर खेकसणं सुरू, आणि मला वाटत होतं हे सगळं ऑपरेशनच्या धास्तीने होतंय. म्हणून तू बंद करायचं की हळूहळू कमी करायचं हे आत्ताच विचारून घे, अजून महिना हातात आहे.

ऑपरेशननंतरच्या दुखण्यावरही फार भरवसा ठेवू नकोस. नसांचं जुनाट दुखणं असेल तर काहींना फरक पडतो, पण ताज्या कापाचं दुखणं वेगळं. मॉन्ट्रियलला २००६ मध्ये नॅबिलोन, म्हणजे टीएचसीसारखंच बनवलेलं औषध, ऑपरेशनच्या पेशंटना दिलं तर जास्त डोसवाल्यांना दुखलं जास्तच. रोज घेणाऱ्यांना नंतर पेनकिलरही जास्त लागू शकते, हेही आधी सांगण्याचं कारण. खांद्याला नर्व्ह ब्लॉक, म्हणजे नस बधिर करायचं इंजेक्शन, देतात का विचार, पहिले काही तास तरी हात बधिर राहतो. घरी जाताना हायड्रोमॉर्फोन वगैरे अफूच्या जातीची पेनकिलर दिली तर त्याच्यासोबत मनाने गमी घेऊ नकोस, दोन्हींची गुंगी एकावर एक चढते.

आणि आईंसाठी पुण्याला सीबीडीचं (गांजातलाच, पण नशा न आणणारा घटक) तेल नेऊ का विचारलंस, ते तर बॅगेत टाकूच नकोस. कॅनडातून बाहेर नेणं गुन्हा आहे, प्रिस्क्रिप्शन असलं तरी, आणि तिकडे भारतात १९८५ चा एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांचा कायदा आहे. शिवाय त्या रक्त पातळ करायची वॉरफेरिन घेतात म्हणालास, सीबीडीने तिचा परिणाम वाढून रक्तस्राव होऊ शकतो.