राजीनामा थांबवा, पॅकेजचं नंतर बघू

प्रश्न : यजमानांची (वय ४६) मेंदूतल्या गाठीची शस्त्रक्रिया झाली, रेडिएशनही संपलं. उजवा हात-पाय कमजोर आहे, बोलताना शब्द आठवत नाहीत. एका पुनर्वसन केंद्राचं वर्षभराचं निवासी पॅकेज आहे. सगळे पैसे आधी भरले तर १५ टक्के सवलत, मात्र परत काही मिळणार नाही. बचत ४० महिन्यांच्या घरखर्चाइतकी आहे, त्यातला १८ महिन्यांचा खर्च पॅकेजला जाईल. मुदत ठेव मोडू की म्युच्युअल फंड विकू? वर्षभरात ते कामावर जातीलच. सारखी रजा मागणं त्यांना पटत नाही, म्हणून एक तारखेला राजीनामा देत आहेत.

उत्तर : ठेव आणि फंड दोन्ही राहू द्या. आधी तो राजीनामा थांबवा.

नोकरीसोबत कंपनीचा आरोग्य विमा असेल, आयुर्विमा असेल, आजारपणाची रजा किंवा अपंगत्वाचा लाभ असेल. राजीनाम्याबरोबर यातलं बहुतेक जातं, आणि या निदानानंतर नवा विमा कोण देणार? हिशोब बघा. ४० मधून १८ गेले, उरले २२. पगार बंद, वर औषधं आणि एमआरआय खिशातून. त्याला महिन्याला अर्धा घरखर्च धरला तर पैसे जेमतेम सव्वा वर्ष पुरतील. रजा मागायचा संकोच इतका महाग पडतो. कंपनीकडून सगळे लाभ लेखी मागवा. बिनपगारी रजेत विमा चालू राहतो का, हेही विचारा.

आता पॅकेज. पुनर्वसनाला माझा विरोध नाही. मेंदूच्या गाठीच्या रुग्णांनाही त्याचा चांगला फायदा होतो. पण वर्षाचा आराखडा आज कोणी आखूच शकत नाही. रेडिएशननंतरचा थकवा काही आठवडे वाढू शकतो. सूज उतरवायला दिलेलं डेक्सामेथासोन लांबलं तर मांड्यांचे स्नायू कमकुवत होतात आणि खुर्चीतून उठणंही जड जातं. मग व्यायाम बदलावा लागतो. केमो सुरू झाली तर मध्ये खंड पडतो. गाठ पुन्हा वाढली तर उद्दिष्टच बदलतं : कामावर परतण्याऐवजी आधाराने बाथरूमपर्यंत जाता येणं, न ठसकता गिळता येणं. म्हणून चांगली टीम दर काही आठवड्यांनी पुन्हा तपासून पुढचं ठरवते. वर्षाचे पैसे आधी मागणारा आपली सोय बघतोय, तुमची नाही.

सवलतीत वाचतो सुमारे ३ महिन्यांचा घरखर्च. चौथ्या महिन्यानंतर सोडावं लागलं, तर महिन्याच्या पूर्ण दराने ७ महिन्यांच्या घरखर्चाइतके गेले असते. इथे १८ गेले. ‘कामावर जातीलच’ हे केंद्राने लिहून दिलंय का? देणार नाहीत. महिन्याच्या दराने घ्या, किंवा फिजिओथेरपी, ऑक्युपेशनल थेरपी (रोजची कामं पुन्हा शिकवणारी) आणि स्पीच थेरपी बाह्यरुग्ण म्हणून. पलंगावरून खुर्चीत कसं बसवायचं ते थेरपिस्टकडून तुम्ही स्वतः शिकून घ्या.

आणखी एक, तुम्ही न विचारलेलं. उजवा हात कमजोर म्हणजे सही बदलली असणार. त्यांना व्यवहार नीट समजतोय तोवर खाती दोघांच्या नावे करा, नॉमिनी तपासा, बँकेत नवी सही द्या, वकिलाला भेटा. हे याच आठवड्यात.

राहिला तुमचा प्रश्न. दरमहा लागेल तेवढं मुदत ठेवीतून काढा; एकच मोठी ठेव असेल तर मोडून छोट्या छोट्या करा. फंडातला शेअर बाजाराचा भाग येत्या दोन वर्षांत लागणार असेल, तर तोही हळूहळू ठेवीत आणा.