परदेशातले बाळंतपण आणि मनाची घालमेल

प्रश्न : माझी मुलगी न्यू जर्सीत असते. तिला मुलगा होऊन दोन महिने झाले. पहिला महिना मी तिच्याजवळ होते. आता व्हिडिओ कॉलवर ती फक्त बाळ दाखवते, स्वतः समोर येत नाही. बाळ झोपले तरी ती टक्क जागी असते, असे जावई सांगतात. समुपदेशनाचा विषय काढला की म्हणते, “हे सगळं इंग्रजीत काय सांगू? आणि नोंद झाली तर व्हिसाचं काय?” मी इथून काय करू शकते?
— एक आई, विलेपार्ले

उत्तर : बाळंतपणानंतर पहिले दोन आठवडे उगाच रडू येणे, चिडचिड होणे हे बहुतेक जणींना होते आणि आपोआप ओसरते. दोन महिन्यांनंतरही झोप नसणे आणि माणसे टाळणे याला मात्र ‘थकवा’ म्हणून सोडून देऊ नये. हे प्रसूतीपश्चात नैराश्य असू शकते. त्यावर उपचार आहेत आणि अंगावर पाजतानाही घेता येतील अशी औषधे डॉक्टर देऊ शकतात.

न्यू जर्सीत बाळंतिणीची या नैराश्यासाठी तपासणी करण्याचा कायदा २००६ मध्येच झाला. त्यामुळे मागच्या सात दिवसांतल्या मनःस्थितीविषयी विचारणारी दहा प्रश्नांची एडिनबरा प्रश्नावली तिने कदाचित भरलीही असेल. पण शेजारी नवरा बसलेला, मांडीवर बाळ रडते आहे आणि घाईघाईत खुणा करायच्या आहेत, अशा वेळी आपल्याकडची शहाणी मुलगी ‘सगळे ठीक’ असेच उत्तर देणार. यात मी तिच्यापेक्षा दवाखान्याला अधिक दोष देईन. पुढच्या भेटीत तिने एकटीने बोलण्याची वेळ आणि मराठी दुभाषी मागावा. कामापुरते इंग्रजी उत्तम येत असले तरी दुभाषी मागण्यात काहीच वावगे नाही. सरकारी निधी घेणाऱ्या रुग्णालयांना ही सोय विनामूल्य करावी लागते; जावयांना मात्र दुभाषी करू नये. बाळाला लसीसाठी नेतात, त्या बालरोगतज्ज्ञांकडेही हा विषय काढता येतो.

व्हिसाची भीती समजण्यासारखी आहे, परंतु तिथेही रुग्णाची माहिती कायद्याने गोपनीय असते आणि समुपदेशन घेतले म्हणून डॉक्टर व्हिसा खात्याला कळवत नाहीत.

तिला भास होऊ लागले, ती असंबद्ध बोलू लागली किंवा स्वतःला वा बाळाला इजा करण्याचे विचार बोलून दाखवू लागली, तर थांबू नका. जावयांनी तत्काळ ९११ ला फोन करावा.

तुम्ही स्वतः ‘आमच्या वेळी असले काही नव्हते’ हे वाक्य कटाक्षाने टाळा. तिच्या रात्री दोनच्या पाजण्याच्या वेळी उन्हाळ्यात आपल्याकडे साडेअकरा वाजलेले असतात, तेव्हा फोन करा आणि बाळाच्या वजनाआधी तिची चौकशी करा. तिथे १-८३३-८५२-६२६२ ही मातांसाठीची सरकारी मदतवाहिनी २०२२ पासून चोवीस तास, विनामूल्य चालते; फोनवर दुभाषीही मिळतो. मुलगी तयार नसेल तर पहिला फोन जावयांनी केला तरी चालतो आणि त्यांनी तो करावाच, कारण नव्या बापांनाही नैराश्य येते आणि त्यांना ते कोणी विचारत नाही.