चौघांचा बँड आणि बारावीनंतरची तीन वर्षं

पत्र: आम्ही वसईचे कॅथलिक. मुलगा सतरा वर्षांचा, बारावी सायन्सला आहे. चर्चच्या गायनमंडळात गिटार वाजवायचा. आता तिघा मित्रांबरोबर बँड काढलाय. गाण्यांत ख्रिस्ती श्रद्धा असते, पण संगीत पंक, म्हणजे वेगवान, कर्कश रॉक. ‘मेलोडिक पंक आहे आई, चाल असते त्याला,’ असं मला समजावतो. रेकॉर्डिंगही घरीच, स्वतः करतो. बारावीनंतर कॉलेज नको, पूर्णवेळ बँडच करायचा म्हणतो. एका गृहस्थांनी तीन वर्षांचा करार देऊ केलाय. त्याचे पप्पा त्याच्याशी बोलेनासे झालेत. धर्मग्रामातले (पॅरिशमधले) काही जण म्हणतात, हे देवाचं संगीत नव्हे. काय करू?

उत्तर: ताई, आधी कराराचं बोलते, कारण बाकीच्या गोष्टींना वेळ आहे, सहीला नाही.

अठरा पूर्ण होण्याआधी तुमच्या मुलाने केलेला करार आपल्या कायद्यात टिकत नाही. म्हणून ते गृहस्थ बहुधा तुमची सही मागतील. ती देऊ नका. कागद घरी आणा आणि कॉपीराइटची कामं करणाऱ्या वकिलाला दाखवा. त्यात बघायचं ते हे: गाण्याचे शब्द आणि चाल हा एक हक्क, त्या गाण्याचं रेकॉर्डिंग हा दुसरा. नवख्या पोरांच्या करारात हे दोन्ही एकाच वाक्यात लिहून घेतलेले मी पाहिले आहेत. 2012 मध्ये कॉपीराइट कायदा बदलला, तेव्हापासून गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा असा सहज काढून घेता येत नाही. पण तो वाटा आपोआप घरी चालत येत नाही. गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या ‘इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी’चं सदस्य व्हावं लागतं, प्रत्येक गाणं नोंदवावं लागतं. आणि चौघांनी आपसात आजच लिहून ठेवावं की कुठलं गाणं कोणाचं, बँडचं नाव कोणाचं, एक जण निघून गेला तर काय. मैत्री चांगली असतानाच हा कागद होतो.

आता खरा प्रश्न. असा बँड करून पोट भरतं का?

तुमच्या मुलाला एमएक्सपीएक्स हा ख्रिस्ती श्रद्धेचा पंक बँड माहीत असणारच. त्यांची गोष्ट त्याने गाण्यांपुरती ऐकली असेल, मला ती वर्षांच्या हिशेबाने सांगायची आहे. अमेरिकेत सिएटलच्या पलीकडच्या किनाऱ्यावर ब्रेमर्टन नावाचं नौदलाच्या गोदीचं गाव आहे. तिथल्या हायस्कूलमधल्या तिघा पोरांनी 1992 मध्ये हा बँड काढला. ‘टूथ अँड नेल’ ही रेकॉर्ड कंपनी तेव्हा नुकतीच उभी राहत होती, तिने 1994 मध्ये त्यांचा पहिला अल्बम काढला. पुढे मोठ्या कंपनीची साथ मिळाली आणि 1998 चा अल्बम ‘गोल्ड’ ठरला, म्हणजे तिथल्या मापाने पाच लाख प्रती. ख्रिस्ती मेळाव्यांतही ते वाजवत आणि ‘वॉर्प्ड टूर’सारख्या सर्वसाधारण पंक जत्रेतही.

मुलं इथपर्यंतच वाचतात. मला महत्त्वाचं वाटतं ते पुढचं. सीडीची विक्री ओसरली, कंपन्या बदलल्या, आणि 2010 च्या सुमाराला त्यांच्या गिटारवाल्याने आणि ड्रमरने आपल्या गावातच पूर्णवेळ नोकऱ्या धरल्या. गायक-बासिस्ट माइक हेरेरा इतर वादक घेऊन दौरे करत राहिला. बँड मोडला असं कोणालाही वाटलं असतं. पण मोडला नाही. 2018 मध्ये त्यांनी चाहत्यांकडूनच पैसे उभे करून अल्बम काढला, 2023 मध्ये आणखी एक. तीस वर्षं. ज्या नोकऱ्यांमुळे बँड संपायला हवा होता, त्यांनीच तो जगवला असं माझं मत आहे, कारण घरखर्चाचं ओझं गाण्यांवरून उतरलं.

हेही सांगायला हवं की त्यांच्या सुरुवातीला जे होतं ते वसईत नाही. अमेरिकेत तेव्हा ख्रिस्ती पुस्तकांच्या दुकानांची साखळी होती, तिथे या सीडी विकल्या जात. गावोगावच्या चर्चचे तरुण गट आपल्या हॉलमध्ये कार्यक्रम ठेवत. आपल्याकडे इंग्रजी-मराठी पंक वाजवणाऱ्या बँडला मुंबई-पुण्याचे मोजके मंच, त्यातले बरेचसे बारमध्ये. मानधनाचे चार वाटे करा, त्यातून जॅमरूमचं, म्हणजे तालमीच्या खोलीचं, तासाचं भाडं आणि ड्रमचं सामान नेणारा टेम्पो वजा करा. पहिली काही वर्षं हातात काही उरणार नाही असंच धरून चला.

म्हणून पूर्णवेळ बँडला माझा आत्ता नकार आहे, बँडला मात्र नाही. तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी अधोरेखित केलं: रेकॉर्डिंग घरी, स्वतः करतो. ताई, गिटारपेक्षा हे कसब त्याला लवकर पैसे देईल. चर्चच्या सणाला, लग्नाला, सभेला, नाटकाला, सगळीकडे ध्वनी सांभाळणारा माणूस लागतो आणि नीट जाण असलेला सहज सापडत नाही. बारावीला फिजिक्स आहे ते वाया घालवू नका. पुण्याच्या एफटीआयआय या चित्रपट शिक्षणसंस्थेत ध्वनिमुद्रण आणि साउंड डिझाइनचा तीन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. त्याला कुठलीही पदवी चालते, पण बारावीला फिजिक्स असावं लागतं. अर्ज करण्याआधी त्या वर्षीचे नियम संस्थेच्या माहितीपत्रकात बघा. प्रवेश परीक्षा कठीण आहे, पण तयारीला तीन वर्षं हाताशी आहेत. पदवी वसई-विरारमधल्याच कॉलेजातून घेऊ द्या. लोकलमध्ये रोजचे तीन तास गेले तर तालीम पहिली मरते. चौघं एकाच गावात आहेत ही त्यांची सगळ्यात मोठी पुंजी आहे.

सोबत लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या ‘रॉक अँड पॉप’ या संगीत परीक्षा दिल्या तर शिकवण्या घेता येतील. ते दुय्यम.

श्रद्धेबद्दल. फादर स्टीफन्स इंग्लंडहून गोव्यात आले आणि ख्रिस्ताची कथा त्यांनी ओवीत लिहिली. ‘क्रिस्तपुराण’ 1616 मध्ये छापलं गेलं. जी चाल लोकांच्या कानात बसलेली होती तीच त्यांनी उचलली. पुढे ख्रिस्ती झालेले मराठी कवी ना. वा. टिळक यांनी भजनं रचली. तुमच्या मुलाच्या पिढीच्या कानात डिस्टॉर्शन लावलेली, म्हणजे आवाज मुद्दाम खरखरीत केलेली गिटार आहे. त्यातून तो प्रार्थना करत असेल तर मला तरी त्यात अपमान दिसत नाही. मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेला, मात्र गायनमंडळाचंच गाणं असू द्या, ती जागा वेगळी. पोस्टरवर ‘ख्रिस्ती बँड’ लिहायचं की नाही हे त्या चौघांनी ठरवावं. लिहिलं तर बारवाले बिचकतील, नाही लिहिलं तर धर्मग्रामात विचारणा होईल, आणि दोन्हींना तोंड देण्याइतकं त्यांचं आपसात पक्कं असायला हवं. धर्मगुरूंना भेटून एका संध्याकाळी चर्चचा हॉल मागा. त्यांनी एकदा शब्द ऐकले की पुढचं बोलणं सोपं जाईल.

राहिले त्याचे पप्पा. त्यांची भीती खोटी नाही, तिला उत्तर हिशेबानेच द्यावं लागेल. मुलाला सांगा, तीन वर्षांचा कागद स्वतः लिहून पप्पांसमोर ठेव: कॉलेज कुठलं, तालीम आठवड्यातून कोणत्या दोन दिवशी, खर्च किती, तो कुठून येणार. मग पप्पांना एकदा तालमीला घेऊन जा. कानात कापूस घालून बसले तरी चालेल, पण पुढचं बोलणं चौघांना वाजवताना पाहिल्यानंतर होऊ दे.

कराराची प्रत वकिलाला दाखवून झाली की मलाही पाठवा.