बाबांची झोप चार तासांवर, आणि आता नावंही विसरतात

प्रश्न : डॉक्टर, माझे वडील ६७ वर्षांचे, एसटीतून रिटायर झालेत. रात्री एक-दीडपर्यंत मोबाईल, पहाटे पाचला उठून बसणार आणि दिवसभर खुर्चीत डुलक्या. हल्ली ओळखीच्या लोकांची नावं आठवत नाहीत, दोनदा गॅस चालूच राहिला. झोपेसाठी मेडिकलमधून अल्प्राझोलम आणतात, चिठ्ठी वगैरे काही नाही. झोप कमी म्हणून डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) होतोय का?
(एक वाचक, सांगली)

उत्तर : ताई, नुसतं नाव पटकन न आठवणं हे त्या वयात आणि एवढ्या कमी झोपेत होतंच, त्याने घाबरू नका, पण गॅस दोनदा राहिला ते मात्र मी हसण्यावारी नेणार नाही, एकदा न्यूरोलॉजिस्टकडून मेमरी टेस्ट करून घ्या, आणि सोबत बी-१२ आणि थायरॉइडही तपासा कारण त्यानेही विसरायला होतं आणि ते औषधाने सुधारतं.

आता झोपेचं. लंडनच्या सुमारे ८ हजार सरकारी कर्मचाऱ्यांवर २५ वर्षं लक्ष ठेवलं होतं, निष्कर्ष २०२१ मध्ये आले. पन्नाशीपासून सत्तरीपर्यंत वर्षानुवर्षं सहा तास किंवा कमी झोपणाऱ्यांना सात तासवाल्यांपेक्षा डिमेन्शियाचा धोका साधारण ३० टक्के जास्त दिसला. ऐकायला भयंकर वाटतं, पण त्या सगळ्यांत मिळून डिमेन्शिया झाला ५२१ जणांना, म्हणजे बहुतेकांना नाहीच झाला. शिवाय अल्झायमरचे, म्हणजे डिमेन्शियाच्या सगळ्यात नेहमीच्या प्रकाराचे, मेंदूतले बदल लक्षणांच्या कितीतरी वर्षं आधी सुरू होतात आणि तेच झोप बिघडवतात, त्यामुळे आधी काय नि नंतर काय हे सांगणं अवघड.

झोपेत मेंदू धुतला जातो, म्हणजे त्यातला कचरा साफ होतो, असे मेसेज फिरतात ना, ते २०१३ च्या उंदरांवरच्या प्रयोगातून आलंय, आणि २०२४ मध्ये उंदरांवरच झालेल्या दुसऱ्या प्रयोगात नेमकं उलटं दिसलं, तेव्हा त्यावर फार विसंबू नका. माणसांत एवढं दिसलंय की एक रात्र जागं ठेवलं तरी मेंदूत बीटा-अमायलॉइड (अल्झायमरमध्ये साचणारं प्रथिन) थोडं वाढतं. फक्त २० जणांवरचा अभ्यास होता तो.

मला खरी काळजी त्या गोळीची वाटते. अल्प्राझोलमने डोळा लागतो पण गाढ झोप, जी वयाने आधीच कमी झालेली असते, ती आणखी कमी होते, वर विसरभोळेपणा वाढतो आणि रात्री बाथरूमला उठताना पडून खुबा मोडायची भीती. पासष्टीनंतर शक्यतो देऊच नये अशा औषधांत ती येते. पण म्हणून उद्यापासून एकदम बंद करू नका हं, फिट येऊ शकते, डॉक्टर हळूहळू कमी करून देतील.

आईंना विचारा, घोरताना मध्येच श्वास अडकून दचकून जागे होतात का? तसं असेल तर स्लीप स्टडी, म्हणजे रात्रभर झोपेची तपासणी, करावी लागेल, दिवसा डुलक्या येण्याचं ते मोठं कारण असतं. बाकी पाचला उठतात ते उठू द्या, दुपारी अर्धा तासच आडवं होऊ द्या, मोबाईल रात्री हॉलमध्ये चार्जिंगला. डॉक्टरांकडे जाताना गोळीची रिकामी स्ट्रिप मात्र घेऊन जा, पॉवर किती आहे ते त्यावरच असतं.