वाचकांचे प्रश्न : घरी बांधायचे विमान

घरी किट आणून विमान बांधण्याविषयी आमच्याकडे आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रे या अंकासाठी निवडली आहेत. जागेअभावी पत्रे संक्षिप्त केली आहेत. उत्तरे विमानांच्या देखभालीत अनेक वर्षे काम केलेल्या आमच्या सदरलेखकाने दिली आहेत.

प्रश्न : माझ्या निवृत्तीला दोन वर्षे उरली आहेत. परदेशातून किट मागवून दोन आसनी विमान स्वतः बांधावे, अशी फार दिवसांची इच्छा आहे. अमेरिकेत 51 टक्के काम स्वतः केले की विमान उडवता येते, असे वाचले. आपल्याकडे तसे चालते का? सुरुवात कोठून करावी?
— एक वाचक, कोथरूड

उत्तर : अमेरिकेतील या नियमाविषयी बराच गैरसमज आहे, म्हणून आधी त्याचा अर्थ पाहू. ही टक्केवारी वजनाची नाही आणि खर्चाचीही नाही. विमानाच्या घडणीतील व जुळणीतील कामांची यादी केली जाते आणि त्यांपैकी निम्म्याहून अधिक कामे हौशी माणसांनी शिकण्यासाठी किंवा आनंदासाठी केली आहेत, असे दाखवावे लागते. इंजिन, प्रोपेलर, चाके आणि उपकरणे तुम्ही स्वतः घडवावीत, अशी अपेक्षा त्यात नसते. या तरतुदीच्या आधारे तेथे हौशी बांधणीची मोठी परंपरा उभी राहिली. अशा लोकांची ‘एक्सपेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशन’ ही संघटना 1953 मध्ये स्थापन झाली, आणि रिचर्ड व्हॅनग्रन्सवेन यांनी 1973 मध्ये सुरू केलेल्या कंपनीची ‘आरव्ही’ मालिकेतील दहा हजारांहून अधिक विमाने लोकांनी आपल्या गॅरेजमध्ये बांधून उडवली आहेत.

मात्र तो नियम अमेरिकेचा आहे आणि तुम्ही पुण्यात आहात. आपल्याकडे 1934 च्या जुन्या कायद्याच्या जागी भारतीय वायुयान अधिनियम, 2024 हा कायदा 1 जानेवारी 2025 पासून लागू झाला असून, विमानाचे आरेखन आणि निर्मिती या गोष्टीही त्याच्या कक्षेत येतात. त्यामुळे ‘आधी बांधून घेऊ, उडवायच्या वेळी परवानगीचे पाहू’ हा विचार मनातून काढून टाकावा. घरी बांधलेल्या विमानाची भारतात नोंदणी होऊच शकत नाही, असे मात्र नाही. कॅप्टन अमोल यादव यांनी मुंबईत कांदिवलीच्या राहत्या इमारतीच्या गच्चीवर स्वतःच्या आरेखनाचे सहा आसनी विमान बांधले, फेब्रुवारी 2016 मध्ये मुंबईच्या ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात ते मांडले आणि नोव्हेंबर 2017 मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडून, म्हणजे डीजीसीएकडून, त्याची नोंदणी मिळवली. त्या नोंदणीसाठी त्यांना वर्षानुवर्षे पाठपुरावा करावा लागला, हेही तितकेच लक्षात ठेवण्याजोगे आहे.

म्हणून पैसे भरण्यापूर्वी डीजीसीएला लेखी पत्र पाठवावे. निवडलेल्या किटचे नाव, इंजिन, कमाल उड्डाणवजन आणि बांधणीची जागा त्यात स्पष्ट लिहावी. आयात, नोंदणी आणि चाचणी उड्डाण यांसाठी कोणकोणत्या परवानग्या लागतील आणि बांधणीच्या कोणत्या टप्प्यांवर तपासणी होईल, हे त्यात विचारावे. शेवटचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा आहे. पंखाचा वरचा पत्रा एकदा रिवेट करून, म्हणजे पत्रे जोडणाऱ्या धातूच्या खिळ्या ठोकून, बंद झाला की आतील काम पुन्हा कोणालाही पाहता येत नाही आणि तपासनीस नंतर आला, तर त्याच्यापुढे दाखवायला तुमच्याजवळ फक्त तुमची वही आणि छायाचित्रे उरतात. त्यामुळे तारीख, केलेले काम, वापरलेले भाग आणि झालेल्या चुका यांची नोंद पहिल्या दिवसापासून ठेवावी.

दोन वर्षे हाताशी आहेत, तर या काळात उड्डाणही शिकून घ्यावे. खासगी वैमानिकाच्या परवान्यासाठी आपल्याकडे किमान 40 तासांचे उड्डाण लागते. हडपसरला ग्लायडिंग केंद्र आहे आणि बारामतीला वैमानिक प्रशिक्षण चालते. दोन्ही ठिकाणी जाऊन चौकशी करावी. विमान बांधण्यात पाच-सहा वर्षे घालवलेला माणूस उडवण्याचा सराव पार विसरलेला असतो, असे नेहमी घडते.

प्रश्न : आमचा सहकारनगरात तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट आहे आणि गच्ची आमच्या वापराची आहे. तेवढ्या जागेत काम होईल का?
— एक वाचक, सहकारनगर

उत्तर : शेपटीचे भाग एखाद्या खोलीत सहज होतात आणि बहुतेक किटमध्ये सुरुवातही तेथूनच करायची असते. एका बाजूचा पंख मात्र साधारण साडेतीन ते चार मीटर लांब असतो, म्हणून जिन्याचे वळण आणि दाराची रुंदी आज मोजावी, पंख तयार झाल्यावर नव्हे. गच्चीची मोठी अडचण पुण्याचा पावसाळा ही आहे. अर्धवट जुळवलेला पत्र्याचा सांगाडा चार महिने दमट हवेत ताडपत्रीखाली ठेवणे मला मान्य नाही. शिवाय हवेच्या दाबावर चालणारी रिवेटगन पत्र्यावर चालू लागली की तिचा आवाज साऱ्या इमारतीत घुमतो आणि सोसायटीचे पत्र आठवड्याभरात हातात पडते. धायरी किंवा नऱ्हे भागात एखादी लहान शेड भाड्याने मिळाली तर उत्तम. ते शक्य नसेल, तर ओढून बसवायच्या पोकळ रिवेटचे किट निवडावे. ‘झेनिथ’ची विमाने आणि ‘आरव्ही-12’ मुख्यतः अशाच रिवेटची असतात; त्यांचे काम एकट्याने आणि बरेच शांतपणे होते. ‘आरव्ही-12’चे पंख दोन माणसांना थोड्या वेळात काढता येतात, त्यामुळे धावपट्टीपर्यंत विमान नेण्याचा प्रश्नही सोपा होतो. लोहगाव हा हवाई दलाचा तळ आहे, तेव्हा चाचणी तेथे होईल असे गृहीत धरू नये.

प्रश्न : भोसरीत माझे लहान वर्कशॉप आहे. दोन मित्र मिळून किट बांधत आहोत. सोबत आलेल्या बोल्टपैकी काही खराब झाले. नवे मागवण्यास खर्च आणि वेळ फार लागतो. इथल्या बाजारात 8.8 ग्रेडचे चांगले बोल्ट मिळतात, त्यांची ताकदही जवळपास तेवढीच आहे. ते वापरण्यास हरकत का असावी? रिवेटचे काम कितपत अचूक लागते, तेही सांगावे.
— एक कारखानदार, भोसरी

उत्तर : ताकदीविषयीचे तुमचे गणित बरोबर आहे, आणि म्हणूनच हा प्रश्न नीट सोडवायला हवा. विमानात वापरल्या जाणाऱ्या ‘एएन’ मानकाच्या पोलादी बोल्टची ताणशक्ती चौरस इंचाला 1,25,000 पौंड, म्हणजे सुमारे 860 मेगापास्कल असते, 8.8 ग्रेडच्या बोल्टची 800. हा फरक फार मोठा नाही.

हरकत दुसऱ्या गोष्टींची आहे. पहिली बोल्टच्या गुळगुळीत दांड्याची. विमानातील जोडात भार आडवा येतो आणि तो भोकात घट्ट बसलेल्या गुळगुळीत दांड्याने पेलायचा असतो; आटे त्या भागात येता कामा नयेत. म्हणून एएन बोल्ट एक अष्टमांश इंचाच्या टप्प्यांनी वेगवेगळ्या लांबीचे मिळतात आणि जोडाच्या जाडीनुसार निवडले जातात. बाजारातल्या बोल्टला बहुधा बराच भाग आट्यांचाच असतो. दुसरी गोष्ट मापाची. तीन षोडशांश इंचाचा बोल्ट 4.76 मिलिमीटरचा असतो. त्याच्या जागी 5 मिलिमीटरचा घालण्यासाठी भोक मोठे केले, तर ते काठाच्या अधिक जवळ जाते आणि पुढे कधी योग्य बोल्ट मिळाला तरी तो तेथे सैल बसतो. तिसरी गोष्ट, आणि माझ्या दृष्टीने सर्वांत गंभीर, ही की 8.8 हा आकडा डोक्यावर छापलेला असला तरी तो बोल्ट कोणत्या पोलादाचा, कोणत्या उष्णताप्रक्रियेतून आलेला आणि कोणी तपासलेला, हे सांगणारा कागद किरकोळ दुकानात मिळत नाही. मोटारीचा बोल्ट तुटला तर गाडी रस्त्याच्या कडेला उभी करता येते. नियंत्रण-सांध्यातला बोल्ट तुटला तर काय होईल, ते तुम्ही जाणता. नवे बोल्ट मागवा आणि ते येईपर्यंत दुसरे काम करा.

नटांबाबतही दोन गोष्टी सांगतो. ज्या सांध्यात बोल्ट फिरण्याची शक्यता आहे, तेथे नायलॉनच्या कड्याचा नट चालत नाही. तेथे खाचांचा नट आणि त्यातून घातलेली कॉटर पिन हवी. तसेच तीन षोडशांश इंचाच्या बोल्टला फक्त 20 ते 25 इंच-पौंड एवढाच पीळ द्यायचा असतो, आणि लेथवर वर्षानुवर्षे काम केलेला हात नकळत त्याच्या दुप्पट देतो. लहान मापाचा चांगला टॉर्क पाना घ्यावा आणि घट्ट केलेल्या प्रत्येक नटावर रंगाची रेघ ओढावी, म्हणजे तो पुढे हलला तर नजरेला दिसेल.

आता रिवेट. भरीव रिवेट ठोकल्यावर मागे तयार होणाऱ्या डोक्याची रुंदी मूळ व्यासाच्या सुमारे दीडपट आणि उंची निम्मी असावी. एक अष्टमांश इंचाच्या, म्हणजे 3.2 मिलिमीटरच्या रिवेटसाठी ही मापे 4.8 आणि 1.6 मिलिमीटर होतात. भोकाचा मध्य पत्र्याच्या काठापासून किमान दोन व्यास आत हवा. ड्रिल केल्यावर प्रत्येक भोकाची बर, म्हणजे कडेला उरलेली धारदार कोर, काढावी. ती राहिली तर दोन पत्रे एकमेकांना पुरते टेकत नाहीत आणि त्याच ठिकाणाहून पुढे तडा जाण्याचा धोका असतो. पत्र्यावर खुणा शिसपेन्सिलीने करू नयेत, कारण ग्रॅफाइटमुळे ॲल्युमिनियम गंजते, मार्कर वापरावा. पत्रा घासायला लोखंडी तारेची जाळीही घेऊ नये, तिचे कण पृष्ठभागात रुतून बसतात आणि तेथूनच गंज सुरू होतो.

बिघडलेल्या रिवेटचे काय करावे, हे पुस्तकात एका ओळीत असते, पण हातात यायला फार दिवस लागतात. डोक्याच्या मध्यावर बारीक ड्रिल धरून फक्त डोक्याच्या जाडीपुरते भोक पाडावे, डोके हलकेच मोडून काढावे आणि मागून आधार देऊन दांडा ठोकून बाहेर काढावा. घाई केली तर ड्रिल घसरते आणि भोक लांबट होते. उमेदीच्या काळात मी एक बरा दिसणारा, पण किंचित कललेला रिवेट काढायला गेलो आणि चांगल्या भोकाचे वाटोळे केले. वरिष्ठांनी तो पूर्ण भाग माझ्यासमोर टाकून दिला. तेव्हा मला राग आला होता. तुमच्या वर्कशॉपमध्ये असे सांगणारे वरिष्ठ कोणी नाहीत, म्हणून बिघडलेले भाग टाकण्यासाठी एक पेटी आजच ठेवा आणि मित्राने केलेले काम तुम्ही, तुम्ही केलेले मित्राने तपासावे, असा नियम करा. पहिले शंभर रिवेट टाकाऊ पत्र्यावरच मारावेत.

प्रश्न : आमच्या विमानाला 100 अश्वशक्तीचे रोटॅक्स 912 इंजिन बसवणार आहोत. ते मोटारीच्या पेट्रोलवर चालते असे ऐकले. मग पंपावरचे पेट्रोल भरले तर चालेल ना?
— एक वाचक, वाघोली

उत्तर : परदेशात लिहिलेला सल्ला इथे जसाच्या तसा वापरल्यास घोटाळा होतो, त्याचे हे ठळक उदाहरण आहे. रोटॅक्स 912 मोटारीच्या पेट्रोलवर चालते, हे खरे आहे. परंतु उत्पादकाने त्यात इथेनॉलची मर्यादा 10 टक्के ठेवली आहे आणि आपल्या पंपांवर आता 20 टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. इथेनॉल पाणी धरून ठेवते, रबरी नळ्या आणि टाकीच्या आतील लेपाला त्रास देते. पेट्रोलमध्ये ते किती आहे, हे घरीही पाहता येते. खुणा केलेल्या काचेच्या नळीत थोडे पाणी घेऊन त्यावर मोजून पेट्रोल ओतावे, हलवून स्थिर होऊ द्यावे. पाण्याची पातळी वर चढलेली दिसली, तर तेवढे इथेनॉल पाण्यात उतरले, असे समजावे.

पर्याय विमानांच्या ‘ॲव्हगॅस 100 एलएल’ या इंधनाचा आहे. इंडियन ऑइलने 2022 मध्ये ते देशात तयार करून बाजारात आणले. त्यात शिसे असल्यामुळे रोटॅक्समध्ये गाळ साचतो आणि प्रामुख्याने तेच इंधन वापरल्यास तेल दर 25 तासांनी बदलावे लागते. हा खर्च आधीच हिशेबात धरावा. ज्या धावपट्टीवरून उडणार, तेथे हे इंधन मिळते का, याची खात्री इंजिन मागवण्यापूर्वी करून घ्यावी.

प्रश्न : माझ्या यजमानांनी वयाच्या एकसष्टाव्या वर्षी शेपटीचे किट आणले आहे. ते व्यवस्थित माणूस आहेत, इंजिनिअर आहेत. तरीही मला काळजी वाटते. मी त्यांना नेमके काय विचारावे?
— एक वाचक भगिनी, सिंहगड रस्ता

उत्तर : ताई, तुमची काळजी योग्य आहे आणि ती दूर ठेवण्यापेक्षा कामाला लावावी, असे मला मनापासून वाटते. भरीव रिवेटच्या कामात एकाने रिवेटगन धरायची आणि दुसऱ्याने मागून लोखंडी ठोकळा टेकवायचा असतो. ठोकळा धरणाऱ्यालाच मागचे डोके दिसते, म्हणून रिवेट बरा की वाईट हे सांगण्याचा अधिकार त्याचा. तुम्ही तो ठोकळा हातात घेतलात, तर त्या विमानाचे काम कसे चालले आहे, हे इतर कोणापेक्षाही तुम्हाला अधिक कळेल. कानांना संरक्षण मात्र दोघांनीही लावावे. रंगाच्या आधी लावायच्या प्राइमरमध्ये क्रोमेट असेल, तर तो विषारी असतो. ते काम घरात होऊ देऊ नका.

एक प्रश्न मात्र आजच विचारून ठेवा : पहिले उड्डाण कोण करणार? अमेरिकेतील राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने 2012 मध्ये हौशी बांधणीच्या विमानांचा अभ्यास प्रसिद्ध केला. अशा विमानांचे अपघात मुख्यतः इंजिन आणि इंधनव्यवस्थेतील बिघाडामुळे आणि हवेत नियंत्रण सुटल्यामुळे होतात आणि सुरुवातीची उड्डाणे विशेष धोक्याची असतात, असे त्यातून दिसले. पाच वर्षे जीव ओतून बांधलेल्या विमानात पहिल्यांदा आपणच बसावे, ही ओढ समजण्यासारखी आहे. पण इंजिन अडखळले तर तत्काळ विमान खाली आणायचे असते, आणि आपल्या हाताने बांधलेले विमान वाचवण्याचा मोह त्या क्षणी आड येतो. त्याच प्रकारच्या विमानाचा अलीकडचा सराव असलेल्या वैमानिकाने ते उड्डाण करावे, हे आज लिहून ठेवले तर त्या दिवशी वाद होणार नाही.

त्यानंतरही घाई करू नका. अमेरिकेत इंजिन आणि प्रोपेलरची जोडी प्रमाणित असल्यास साधारण 25 तास आणि नसल्यास 40 तास चाचणीचे उड्डाण ठरावीक क्षेत्रात करावे लागते आणि त्या काळात आवश्यक माणसांखेरीज कोणाला बसवता येत नाही. आपल्याकडे जी अट लागू होईल ती होवो, तुम्ही मात्र एवढे तास पूर्ण होऊन वहीत नोंदले जाईपर्यंत शेजारच्या आसनावर बसू नका.